दिलबहादूरचं वाक्य

“‘रोज एक नेपाळी वाक्य शिक, पण वहीत लिहू नको, मला बोलून दाखव,’ असं माझ्या खोलीतला दिलबहादूर म्हणायचा, हाशमचाचा.”

दोह्याच्या हॉस्पिटलात आयसीयूबाहेर बसून ओठातल्या ओठात माझा जप चालला होता. शेजारी स्टेडियमच्या कामावरचे दोघे रत्नागिरीकर बसले होते.

“मग शिकलास?”

“त्यानं माझी मराठी उचलली. मी मात्र कबूल करूनही म्हणायचो, वर्ल्ड कप होऊ दे, मग तुझी नेपाळी शिकतो.”

“शफीक, तुझं सगळं असंच.”

“आता तो शुद्धीवर नाही. नर्स म्हणते, त्याच्या भाषेत बोला, कदाचित ऐकेल.”

“मग रे?”

“सकाळी त्याच्या आईला फोन केला. हिंदीत विचारलं, त्याला काय म्हणू. तिनं एक वाक्य दहादा म्हणवून घेतलं.”

“लिहून घेतलंस ना?”

“नाही, चाचा.”

नर्सनं बोलावलं. शफीक उठला आणि माझ्यासारखेच ओठ हलवत आत गेला.