पाचव्या दिवसाची सूज

अक्कलदाढ काढून टाके घातल्यामुळे गणिताच्या मास्तरांना दोन दिवस हसायला मनाई होती. दातांच्या दवाखान्यात समोरच्या बाकावर बसलेल्या नवरा-बायकोला हे कोणी सांगितलं नव्हतं.

"अहो, दाढ काढून पाच दिवस झाले. पहिल्या दिवशी बर्फ लावला, मग मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, गोळ्या वेळेवर. तरी सूज आहेच?"

"आहे म्हणजे काय, वाढतेय! उद्या तुझ्या भावाचं सामान हलवायला मला काही जमायचं नाही गं. वजन उचललं की टाका तुटतो."

"असं डॉक्टर म्हणाले?"

"आता म्हणतील."

"बघू गाल."

नवऱ्याने आतून जीभ लावून गाल फुगवला.

"हा बघ, कसा टम्म झालाय!"

"दाढ डावीकडची काढली होती ना?"

"हो. का गं?"

"फुगलाय उजवा."

"...रात्रीतून सरकली असेल सूज."

"कमाल आहे बाई! सुजेने एकटीने एका रात्रीत बिऱ्हाड हलवलं, आणि तुम्हाला माझ्या भावाचं एक कपाट उचलवत नाही?"