नवऱ्याचं काम

(वटार, १९५२. देवळापुढे फळ्यांचं स्टेज. दुपारची तालीम. तालीम घेणारा एकनाथ, मालन आणि तिचा नवरा तुळशीदास.)

एकनाथ : खाली बघू नका, वहिनी. मागच्या रांगेत शेजारच्या राजोडीची माणसं बसणार. त्यांना तुमचा चेहरा दिसला पाहिजे.

मालन : समोर नवराच नाही, तर बघू कुणाकडे? हरिश्चंद्रभाऊ कधी येणार?

एकनाथ : तो येत नाही. मघाशीच निरोप आला. त्याचे वडील म्हणतात, परक्या बाईसमोर नवरा म्हणून उभं राहायचं नाही.

मालन : म्हणजे माझ्यामुळे अडलं. यांनाच करू दे बायकोचं काम, दरवर्षीसारखं. यांना सगळं पाठ आहे.

तुळशीदास : मी लुगडं नेसणार नाही. गेल्या साली मी रडायला लागलो आणि पोरं हसली. आता वय दिसतं माझं. म्हणून तर मिशी वाढवली.

मालन : मग नाटक बंद?

तुळशीदास : बंद कशाला? मी विंगेतून बघायचो ना. तू बायकांत बसून माझी वाक्यं पुटपुटायचीस. आज हक्काने म्हण.

एकनाथ : तुळशीदास, मग तूच नवरा हो. खरीच नवरा-बायको उभी राहिली, तर गाव काय बोलणार?

तुळशीदास : मी? अरे, स्टेजवर मी कधी पुरुष झालोच नाही!

एकनाथ : आता हो. डाव्या विंगेतून ये. चालता चालता बोलू नकोस. आधी थांब, मग बोल.

तुळशीदास : हा बघ, आलो.

मालन : अहो, कंबर!

तुळशीदास : काय झालं कंबरेला?

मालन : माझ्यापेक्षा जास्त हलतेय.

एकनाथ : हसू नका, वहिनी. आणि तू हात कसले चाळवतोयस?

तुळशीदास : पदर नाही, तर हातांचं करू काय?

मालन : बागेतून केळीचा घड घेऊन येता, तेव्हा काय करता?

तुळशीदास : तेव्हा हात आहेत हे कुठे ध्यानात असतं!

एकनाथ : बरोबर बोलल्या वहिनी! नाहीतरी नाटकातला नवरा मुंबईला नोकरीला निघालाय. ही वळकटी घे खांद्यावर. पुन्हा ये.

मालन : आता कसे आमच्या घरातले दिसता.

एकनाथ : वहिनी, एक पाऊल पुढे. पाठ लोकांकडे नको. हं, तुळशीदास, उंबऱ्यात थांब. तिच्याकडे बघ. बोल.

तुळशीदास : "जातो मी. घराची काळजी नाही मला. तू आहेस म्हणून हे घर आहे. कधी बोललो नाही, एवढंच."

एकनाथ : छान! मागपर्यंत ऐकू आलं. वहिनी, आता तुमचं वाक्य... वहिनी?

मालन : थांबा जरा, भावजी. त्यांना पुन्हा एकदा म्हणू दे.