चामटोलीची वैमानिक आणि तिने विचारलेले दोन प्रश्न

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या गावच्या माजी सरपंच आदरणीय मोतीबाई, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे हरिचंद्रशेठ, बचत गटाच्या भगिनी, समोर बसलेले चामटोली, सोनिवली आणि खरवईचे ग्रामस्थ, भिंतीला टेकून उभी असलेली तरुण मंडळी, आणि जिच्यामुळे आज या समाजमंदिरात खुर्च्या कमी पडल्या ती आपली जिज्ञासा कैलास भोपी, सर्वांना सादर नमस्कार.

मी महिपती सर. बदलापूरच्या ज्युनियर कॉलेजात एकतीस वर्षं फिजिक्स शिकवून निवृत्त झालो. मघाशी सूत्रसंचालकांनी "जिज्ञासाला योग्य मार्ग दाखवणारे गुरुजी" अशी माझी ओळख करून दिली. टाळ्याही झाल्या. पण खरं सांगू का? मी दाखवलेला मार्ग चुकीचा होता. तिने तो तपासून पाहिला, म्हणून आपण आज इथे जमलो आहोत.

सात वर्षं झाली असतील. बारावीची परीक्षा संपली आणि ही मुलगी स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. "सर, मला पायलट व्हायचंय. कुठे ॲडमिशन घेऊ?" वडील कैलास अंबरनाथच्या एमआयडीसीत मशीन ऑपरेटर, सुट्टीच्या दिवशी भाताचं शेत. खरवईची जागा नुकतीच बिल्डरला गेली होती, त्या पैशात नवं घर बांधायचं होतं. घर राहू दे, आधी पोरगी शिकू दे, असं तिच्या आईने, अंजनीताईंनी सांगितलं. असा पैसा घरात एकदाच येतो. तो चुकीच्या जागी गेला असता, तर पुन्हा संधी नव्हती.

आणि मी काय केलं? पेपरातल्या एका जाहिरातीचं कात्रण तिच्या हातात ठेवलं. शहरातलं एक चकचकीत कॉलेज, तीन वर्षांची एव्हिएशनची डिग्री. नाव सांगत नाही, आता ते बंदही पडलंय. मला वाटलं, मेडिकल कॉलेजात डॉक्टर होतात, तसे तिथे पायलट होत असणार. फिजिक्सचा मास्तर मी, माझ्या शब्दावर कोण शंका घेणार?

कैलासच्या भावाच्या इको गाडीतून आम्ही तिथे गेलो. काचेची इमारत, गणवेशातली मुलं, कॅप्टनची टोपी घालून फोटो काढायची सोय. कैलास खिशात चेकबुक घेऊनच आला होता. तेवढ्यात जिज्ञासाने काउंटरवरच्या मॅडमना विचारलं, "तुमची विमानं कुठल्या धावपट्टीवर आहेत?"

मॅडम हसल्या. "बेटा, फ्लाइंग के लिए अलग से जाना पड़ता है. हमारा टाय-अप है."

"मग ही डिग्री घेतल्यावर लायसन्स मिळतं का?"

"वो तो बाद की बात है ना!"

मंडळी, तेव्हा मी तिला काय म्हणालो, ऐका. "जिज्ञासा, मोठ्या माणसांना असे आडवे प्रश्न विचारू नयेत." कैलासही चिडला. "तुला सरांपेक्षा जास्त कळतं काय?" ती म्हणाली, "नाही कळत, बाबा. म्हणूनच विचारतेय. मला आठ दिवस द्या."

जिज्ञासा बेटा, माझ्या त्या वाक्याची मी आज तुझ्या गावासमोर माफी मागतो.

आठ दिवसांनी ती माझ्या घरी आली. हातात वही होती. देशभरातल्या नऊ फ्लाइंग स्कूलना तिने फोन लावले होते. आज तुमची किती विमानं उडाली? शिकवणारे किती? मागच्या मुलाला लायसन्ससाठी लागणारे उड्डाणाचे दोनशे तास पूर्ण करायला किती महिने लागले? त्याचा नंबर द्याल का? एका ठिकाणचा मुलगा तिला म्हणाला होता, "ताई, दोन वर्षं झाली, साठ तास झालेत. विमान दुरुस्तीलाच असतं." त्या स्कूलवर तिने काट मारली होती. काचेचं कॉलेज तर वहीत नव्हतंच. डिग्री मुक्त विद्यापीठातून करीन, म्हणाली, पण लायसन्स उडूनच मिळतं.

शेवटी विदर्भातलं एक छोटं स्कूल उरलं. पत्र्याचं ऑफिस, प्यायला माठातलं पाणी. माझं मन खट्टू झालं. पण कैलास सरळ हँगरमध्ये शिरला, विमानाखाली वाकला, फरशीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "सर, खाली तेलाचा थेंब नाही. ही माणसं मशीन सांभाळतात." एकोणीस वर्षं मशीनवर उभ्या राहिलेल्या माणसाची ती पावती. माझ्या कात्रणापेक्षा तिचं वजन कितीतरी जास्त होतं.

तरी फी लगेच भरली नाही. आधी मेडिकल तपासणी, हाही तिचाच हट्ट. आणि मेडिकलमध्ये ती अडकली! हिमोग्लोबिन कमी, तात्पुरती अनफिट. तेव्हा तिच्या चिमी आजी, त्या बघा पहिल्या रांगेत, काय म्हणाल्या? "इमान चालवाचं तं आदी पोटभर जेवाला नको?" तीन महिने पालेभाजी, नाचणी, खजूर आणि डॉक्टरांच्या गोळ्या. पुढच्या तपासणीत पोरगी पास.

पुढे सगळं सुरळीत झालं असंही नाही. लेखी परीक्षेत नेव्हिगेशनचा पेपर एकदा राहिला. सोबतच्या मुलांनी एकट्याने विमान उडवलं, तरी हिच्या शिक्षकांनी हिला एकटीला सोडलं नाही, उतरताना विमान आपटतंय म्हणून. तिचा फोन आला. "सर, मला जमत नाहीये." या वेळी मी शहाणा झालो होतो, सल्ला दिला नाही. विचारलं, "शिक्षक काय म्हणतात?" म्हणाली, "अजून दहा वेळा उतरव म्हणतात." मी म्हटलं, "मग उतरव." अकरा दिवसांनी पुन्हा फोन आला. ती नुसती हसत होती. मला कळलं, पोरगी एकटीने उडून आली.

गेल्या महिन्यात तिने मला, कैलासला आणि अंजनीताईंना मुंबई ते नागपूर तिकिटं पाठवली. आम्ही तिघंही पहिल्यांदाच विमानात बसलो. दार लागलं आणि मराठीत आवाज आला, "नमस्कार, मी फर्स्ट ऑफिसर जिज्ञासा भोपी बोलतेय." अंजनीताईंनी पदर तोंडाला लावला. कैलासने शेजारच्या अनोळखी गृहस्थांना सांगितलं, "आमची आहे." त्यांना नीट ऐकू आलं नसावं, म्हणून पुन्हा सांगितलं.

नागपूरला विमान उतरलं, सगळे उठले. कैलास मात्र पट्टा लावून बसून राहिला. हवाईसुंदरी म्हणाली, "काका, उतरायचं आहे." तो म्हणाला, "माझी मुलगी आतून बाहेर येऊ दे, मग उतरतो." विमान रिकामं झालं. पुढचं दार उघडलं. खांद्यावर सोनेरी पट्ट्यांचा गणवेश घालून जिज्ञासा आली. बापाने तिला आपादमस्तक पाहिलं आणि विचारलं, "जेवलीस का?"

उद्या ती बदली होऊन हैदराबादला रुजू होतेय. संयोजकांचे, अध्यक्षांचे आणि इतका वेळ शांतपणे ऐकणाऱ्या तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. मास्तर माणूस, तास संपल्याचं भान राहत नाही. काही जास्त बोललो असेन, कुणाचं नाव राहिलं असेल, तर आपलाच माणूस म्हणून पोटात घाला. जिज्ञासा, सुखरूप जा, सुखरूप उतर. धन्यवाद.