मारोतीची विहीर

आमचा मारोती अमेरिकेतल्या एका शेतकऱ्याच्या घरी राहून आला, तेव्हाचं सांगतो. तिकडं जाऊन आलेल्यांना गावाच्या कामासाठी थोडे पैसे मिळत. त्याला विहीर खोदायची होती, पण त्यासाठी बोलावलेल्या सभेला कुत्रंही येईना.

"भाऊ, गाव कामाले नाई आलं तं पैसे वापस जाते," तो रडवेला झाला.

मी म्हटलं, "दंडारीच्या खेळात बाईचं सोंग घेत होता ना तू? नेस लुगडं."

दंडारीची दवंडी ऐकून सारं गाव लोटलं. लुगड्यातल्या मारोतीनं नाचता नाचता विहीर मागितली.

पाटील म्हणाले, "खोदतो. पण कामावर हीच बाई पाहिजे, मारोती नाई."

पुढं पैसे देणारे साहेब पाहणीला आले. कुदळ मारणारी मिशीवाली बाई पाहून त्यांनी विचारलं, "ह्या कोण?"

म्हटलं, "साहेब, अमेरिकेले ह्याच गेल्या होत्या."