चिऊची तपासणी

अगं, चारकोपचं घर आमच्या लेकीने, चिऊने, घालवलंच होतं! मेडिकलच्या परीक्षेसाठी मी तिलाच पेशंट बनवून प्रश्न विचारायचे, त्यामुळे तिला ते सगळे तोंडपाठ. मुंबईत नवीन, त्यात पदरात दोन लहान पोरं, म्हणून कोणी भाड्याने घर देईना. शेवटी एक मालक जरा तयार झाले. आम्ही सोफ्यावर शहाण्यासारखे बसलो, तर चिऊ त्यांना म्हणते, "काका, दारू पिता?"

म्हटलं, लागली वाट!

काका हसले. "छे गं बाळा."

"खरं सांगा. डॉक्टरांपासून लपवायचं नसतं."

काका ओशाळले. "कधीतरी. मित्रांकडे."

तेवढ्यात काकू चहा घेऊन बाहेर आल्या. "अहो, यांना चावी द्या," त्या म्हणाल्या, "आणि चिऊ, तू रोज येत जा गं!"