फोतिनीच्या बाजूची बटणं

हॅलो? … फोतिनी? अगं मी, पांडेलिस. … तुझा सख्खा भाऊ, व्हायालाहून, आणखी कोण. … नाही गं, काही झालेलं नाही. … हो, जेवलो. टोस्टवर अंडं. … जेवणच आहे ते.

ऐक ना, जरा टीव्ही बारीक कर. तुला दोन आवाज ऐकवायचेत. … हा पहिला. … आला? … आता हा दुसरा. … काहीच नाही ना? बरोबर. तो मुका स्विच आहे.

गेमच्या मशीनचे गं, बटणांखाली बसतात ते. … हो, शेडमध्ये करतोय तेच. बाबांच्या मासे-चिप्सच्या दुकानात कोपऱ्यात उभं होतं ना, अगदी तसं. लाकूडकाम झालं, रंग झाला. माझ्या बाजूला मुके बसवलेसुद्धा. तुझी बाजू राहिलीय.

पहिला ओळखलास ना? … बाबांच्या मशीनचाच. विकलं तेव्हा एक काढून ठेवला होता मी. … हो, हो… आई तळणीकडे तोंड करून उभी. मागे वळायचीच नाही. टकटक चालू आहे म्हणजे पोरं जागेवर आहेत. थांबली की ओरडायची.

मग मुके का घेतले, म्हणजे… अगं, दुकानदार म्हणाला, घरात ठेवायचं तर मुके घ्या, घरच्यांना त्रास नको. मी म्हणालो, हो बाबा, आमच्याकडे माणसं फार. … काय करू, गेलं तोंडातून निघून. रॉबिनला जाऊन वर्ष झालं, बायकोच्या मागे आता घरात मी आणि फ्रिज, हे परक्या माणसाला कुठे सांगत बसू? आले मग डझनभर. सगळे मुके.

हस, हस. … बरं, खरं सांगतो. घर खायला उठतं. काल तासभर खेळलो, जिंकलोसुद्धा, आणि कुणी खेळलंय असं वाटलंच नाही.

म्हणून म्हटलं, ईस्टरला तू येशील तेव्हा… … अच्छा. … नाही, नाही, पोरीचं बाळंतपण सोडून कशी येशील. … रागावलो नाही गं. लाल अंडी रंगवीन मी माझी. … सप्टेंबरात? … 'बघू' म्हणालीस की मला कळतं, फोतिनी. लहानपणापासून कळतं.

ऐक, माझं ठरलं. तुझ्या बाजूला आवाजाचे बसवतो. सहाच्या सहा. माझ्या बाजूला राहू देत मुके. … अगं, म्हणजे टकटक आली की समजायचं, तू आलीस. मलाही आईसारखं मागे वळून बघायला नको.

काय ठेवू? … मशीनच्या काचेवर? … आहे की, वीस सेंटचं, खिशातच आहे. … आठवतं ना. ज्याचं नाणं काचेवर, पुढचा डाव त्याचा. बाबासुद्धा हात लावायचे नाहीत. … थांब, फोन धर.

… ठेवलं. ऐकू आलं? … हो, तुझ्याच बाजूला. … नाही हलवणार. धूळसुद्धा त्याच्या कडेकडेने पुसेन. … जा, पोरगी हाक मारतेय तुला. … हो. ठेवतो.