मळणीयंत्राला लावलेलं मीठपाणी

मी कुडपणचा, तिथंच जन्मलो, तिथल्याच मातीत जाणार. शाळा चौथीपर्यंत. गुरुजी, तुम्ही लिहून घेताय म्हणून सांगतो, हे मी बायकोलापण सांगितलेलं नाय.

आणीबाणी उठली त्या साली मी आणि माझा थोरला चुलतभाऊ धोंडूदादा, दोघांनी मिळून पायानं चालवायचं भाताचं मळणीयंत्र आणलं. पाय मारला की ढोल फिरतो, ढोलावर तारेचे आकडे, पेंढी धरली की भात झडतं. थोरलं घर म्हणून पहिला मान दादाचा. एका साली त्याची मळणी झाली तरी त्यानं मशीन सोडलं नाय, मेव्हण्याकडं धाडलं. मी रोज जायचो, दादा, माझी पेंढ्यांची उडवी उघड्यावर रचलेली हाय, आभाळ भरलंय. तो खळ्यावर तंबाखू मळत म्हणायचा, अरे, तुझं ते मूठभर भात, लाथांनी झोडलंस तरी सरेल. चार माणसं हसायची. तिसऱ्या दिवशी पाऊस आला. मशीन मिळालं तोवर उडवीतल्या भाताला कोंब फुटलेले. आईनं ते भात सुपात आणून माझ्यापुढं धरलं. काय सांगू तुम्हाला, ते सूप अजून दिसतं.

आमच्यात रीत अशी, शेवटी मळतो त्यानं मशीन ठेवणीला लावायचं. धुवायचं, उन्हात सुकवायचं, आकड्यांना करंजाचं तेल, कण्याला ग्रीस, मग गोणपाटात बांधून चुलीवरच्या माळ्यावर, धुरात गंज धरत नाय. शेवटचा मीच होतो. आधी माझे विळे घासले, तेल लावून आढ्याला खोचले. मग तांब्याभर पाण्यात मुठी मुठी मीठ विरघळवलं आणि एकेका आकड्याच्या मुळाशी फडक्यानं मुरवलं, देवाला न्हाऊ घालावं तसं सावकाश. वरून तेलाचा हात. माळ्यावर नाय, गोठ्याच्या ओल्या भिंतीला ठेवलं. गाठ मारताना म्हटलं, दादा, आता तुझी उडवी भिजू दे.

पुढच्या कापणीला दादा मशीन न्यायला आला. बायको म्हणाली, भावजी, गोणपाट सोडून बघा तरी. तो म्हणाला, याचा हात लागलाय, बघायचं काय त्यात? मी म्हटलं, औंदा मी हातानं झोडणार. तो हसला, मूठभरच ना रे!

मी बांधावर बसून वाट बघत होतो, मशीन कधी अडतंय. अडलं नाय. गंजलेला आकडा तुटला आणि दादाच्या डोळ्यात गेला.

डोलीतून पोलादपूरला नेला, पुढचा खांदा माझा. डोळा गेलाच. त्याची उडवीपण पावसात सापडली, मळायला होतं कोण? आणि गुरुजी, खरं सांगतो, डोलीखाली चालताना मनात एक बोल फिरत होता, भिजली ना आता? लाज वाटते, पण तेव्हा बरं वाटलं होतं.

दादा आजपण सगळ्यांना सांगतो, चूक माझीच, सोडून बघायला हवं होतं. कापणी सरली की स्वतःचे विळे माझ्याच पडवीत आणून टाकतो, तूच तेल लाव रे, तुझ्या हातानं गंज धरत नाय. मी लावतो. तो बाजूला बसून जुन्या गोष्टी काढतो, मधेच त्या मूठभर भातावर हसतो. म्हणून त्या दिवशी घरातलं मिठाचं मडकं मी बायकोला शेजाऱ्यांकडं ठेवून यायला लावतो. ती विचारते, का हो? मी विळा घासत राहतो.

तुमचे हात निर्मळ राहोत, गुरुजी.